तट्ट्याला पडलेलं भोक



गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक गंमत झाली. आता मी तिला गंमत म्हणते, पण त्या दिवशी मला चांगलाच राग आला होता.

झालं असं, की शाळेतल्या एका खोलीची कौलं दुरुस्तीसाठी उतरवली होती. काम होईपर्यंत दोन वर्ग एकाच मोठ्या खोलीत भरवायचे ठरले. अलीकडे माझी चौथी, पलीकडे दुसरी. आणि मध्ये काय? तर बांबूचा तट्ट्या! वाशांना सुतळीनं बांधून उभा केलेला. आवाज काही त्यानं अडायचा नाही. पलीकडे बडबडगीत सुरू झालं, की माझ्या वर्गातली मोठी मोठी मुलंसुद्धा बाकावर ताल धरायची. नुसता आपला एक आडोसा.

एका सकाळी मी पाढे विचारत होते. "तेरा सत्ते?" सगळा वर्ग गप्प. कुणी छताकडं बघतंय, कुणी पेन्सिलीला टोक काढतंय. पाढे विचारले की नेमकी सगळ्यांच्या पेन्सिलींची टोकं मोडतात, हे तुम्हालाही ठाऊक असेलच. मी पुन्हा विचारलं, "अरे, तेरा सत्ते किती?"

तेवढ्यात तट्ट्यातून आवाज आला, "एक्याण्णव!"

वर्ग हसून हसून लोळला. मी जाऊन बघते, तर तट्ट्याला जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर एक भोक. बांबूची एक पट्टी बाजूला सारून आणि दुसरी मोडून चांगलं रुपयाएवढं केलेलं. आणि त्या भोकात एक डोळा! मी वाकले तसा डोळा पळाला.

त्या मुलाचं नाव मी सांगणार नाही, उगाच लाजेल. पण त्या दिवशी मी त्याला रागावले. "शाळेची वस्तू मोडतोस? चोरून बघतोस?" असं बरंच काही बोलले. मधल्या सुट्टीत दाभण आणि सुतळी आणली आणि भोकावर पोत्याचा तुकडा शिवून टाकला. झालं काम.

एवढ्यावर मी ते भोक विसरूनही गेले असते. पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो आणि तिथं त्या भोकाची पुन्हा आठवण झाली. कशी, ते ऐका.

आम्ही म्हणजे मी, आमच्या घरचे, माझी नऊ वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या पक्क्या माळकरी. वर्षातून दोनदा तरी पंढरपूरला जाणारच. इस्लामपूर सोडून पेठ नाक्याला गाडी लागली, की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ह्या वाटेवर देव कुठला लागतो?" (२०२५ साली आमच्या गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय झाला. पण आत्यांचं माहेर 'उरुण' आणि सासर 'इस्लामपूर', त्यात काही बदल नाही!)

गोव्यात पहिला देव लागला मंगेशी. तिथं दर्शन झालं. मंगेशी मूळचे तिथले नव्हेत. त्यांचं जुनं देऊळ कुशस्थळीला होतं. पोर्तुगीजांच्या राज्यात देवळांवर गंडांतर आलं, तेव्हा १५६० साली भक्तांनी देव तिथून हलवला आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, प्रियोळला नेला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १५६२ साली, जुन्या गोव्यात एका प्रचंड चर्चचं बांधकाम सुरू झालं. त्याचं नाव से कॅथेड्रल. आम्ही मंगेशीहून निघालो ते थेट तिथंच गेलो. वाटेत मी हा सगळा इतिहास आत्यांना सांगितला. त्या बराच वेळ बाहेर बघत बसल्या. मग गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "हितं चपला कुठं काढायच्या?"

से कॅथेड्रल म्हणजे किती मोठं? सुमारे अडीचशे फूट लांब! आपल्या शाळेचं अख्खं मैदान आत मावेल. मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ साल उजाडलं आणि आतल्या वेद्या तर १६५२ पर्यंत चालल्या होत्या. पुढच्या बाजूला दोन मनोरे होते. त्यातला एक १७७६ साली पडला, तो पुन्हा कुणी बांधला नाही. राहिलेल्या मनोऱ्यात एक मोठी घंटा आहे, तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. ती सोन्याची नाही हं, तिचा आवाज सोन्यासारखा, म्हणून ते नाव.

आत गेलं, की लांब समोर मुख्य वेदी दिसते. सोनेरी मुलामा दिलेली, छतापर्यंत उंच. मध्ये आड काही नाही. दारातूनच दर्शन होतं. आत्यांना ते फार आवडलं. "रांग न्हाय, ढकलाढकली न्हाय," म्हणाल्या.

मग आम्ही बाजूबाजूनं फिरायला लागलो. दोन्ही कडांना लहान लहान खोल्यांसारखी प्रार्थनेची दालनं आहेत, प्रत्येक बाजूला चार. त्यातल्या दोन दालनांच्या तोंडाशी मात्र आडोसा आहे. साधा नव्हे, लाकडात कोरलेली नक्षीदार जाळीची पडदी! एका दालनात पूजेतली पवित्र भाकरी जपून ठेवतात. त्याच्या आतल्या भिंती आणि छत सगळं सोन्यानं मढवल्यासारखं. दुसऱ्या दालनात एक क्रूस आहे. त्याला 'चमत्काराचा क्रूस' म्हणतात. तिथली गोष्ट अशी सांगतात, की मेंढपाळांनी टेकडीवर एक साधा क्रूस उभा केला आणि तो आपोआप वाढत गेला. त्याला ठेवायला चर्च बांधलं, तर तो आणखी वाढलेला, दारातून आत जाईना! १८४५ साली तो से कॅथेड्रलमध्ये आणला. आजारी माणसं अजूनही तिथं येऊन नवस बोलतात.

आत्या त्या जाळीपाशी उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "आत्ता आलं बघ मुखदर्शन!"

पंढरपूरला गेलेल्यांना हे लगेच कळेल. तिथं पददर्शनाच्या रांगेत उभं राहिलं तर विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. तेवढा वेळ नसला, तर लांबूनच तोंड बघायचं, ते मुखदर्शन.

माझ्या लेकीनं तोवर जाळीला डोळा लावला होता. ती एकदम ओरडली, "आई, जाळी गेली!" तुम्हाला खोटं वाटत असेल, तर घरी पिठाची चाळण घ्या. हात लांब करून धरा. तारा स्पष्ट दिसतील, पलीकडचं नीट दिसणार नाही. आता चाळण अगदी डोळ्याजवळ आणा आणि लांबच्या झाडाकडं बघा. तारा जवळजवळ नाहीशा होतात! आपला डोळा एका वेळी लांबचं तरी नीट बघतो नाहीतर जवळचं तरी. लांब बघत असताना नाकाशी आलेली तार इतकी धूसर होते, की ती आहे हेच कळत नाही. म्हणून जाळीची गंमत अशी, की लांब उभं राहणाऱ्याला ती अडवते आणि जवळ येणाऱ्याला वाट देते. (चाळण धुऊन जागेवर ठेवा. नाहीतर आई माझ्या नावानं ओरडायची.)

जाळीची गंमत झाली, पण लेकीचा प्रश्न तयारच होता. "आई, एवढ्या मोठ्या वेदीपुढं जाळी नाही आणि या छोट्या खोलीपुढं आहे. असं उलटं का?"

शिक्षकाच्या मुलांना वाईट सवय असते, ती भलतेच प्रश्न विचारतात. मला उत्तर येत नव्हतं. घरी आल्यावर पुस्तकं काढली, वाचलं, तेव्हा कळलं, की उत्तर शोधायला गोव्याहून फार लांब, थेट युरोपात आणि पाचशे-सहाशे वर्षं मागं जावं लागतं. तर चला.

त्या काळच्या इंग्लंडमधलं एक खेड्यातलं चर्च डोळ्यांपुढं आणा. आपल्या देवळाला जसा सभामंडप आणि गाभारा असतो, तसेच तिथं दोन भाग. मोठा भाग लोकांचा. त्याच्या पुढचा, वेदीचा भाग पुरोहितांचा. आणि दोहोंच्या मध्ये ओकच्या लाकडाची उंच पडदी. कमरेपर्यंत भरीव फळ्या, त्यावर संतांची रंगीत चित्रं. कमरेच्या वर नक्षीदार कमानी, आरपार दिसणाऱ्या. सगळ्यात वर एक भक्कम तुळई आणि तिच्यावर क्रूसावरचा येशू, एका बाजूला त्याची आई मेरी, दुसऱ्या बाजूला शिष्य जॉन. जुन्या इंग्रजीत अशा क्रूसाला 'रूड' म्हणत, म्हणून ही पडदी झाली 'रूड स्क्रीन'. वरच्या बाजूला चिंचोळा माळाही असे. त्यावर चढायला भिंतीत दगडी जिना. सणाला तिथं मेणबत्त्या लावत.

आता पूजा चालायची पडदीच्या पलीकडे. तीही लॅटिन भाषेत! शेतात राबणाऱ्या माणसाला लॅटिन काय कळणार? पवित्र भाकरीचा प्रसादही बहुतेकांना वर्षातून एकदाच, ईस्टरच्या सुमारास मिळायचा. मग रोज काय? तर बघणं! पूजेत एक क्षण असा यायचा, की पुरोहित ती पातळ, पांढरी चकती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरायचे आणि घंटा वाजायची. तो क्षण डोळ्यांनी पाहिला की दर्शन घडलं. त्यासाठी लोक माना उंच करायचे, सरकायचे, एकमेकांना ढोसायचे. आरतीच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा सरकतो ना, तेव्हा आपण काय वेगळं करतो?

पण त्या वेळी सगळे गुडघे टेकून बसलेले असायचे. आणि गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येणार? पडदीच्या भरीव फळ्या! वरच्या कमानी डोक्याच्या वर राहिल्या. मग त्या माणसांनी काय केलं असेल, सांगा बरं?

अगदी बरोबर. भोकं पाडली!

खरंच सांगते. इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या पडद्यांना, खालच्या फळ्यांमध्ये, गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला भोकं आहेत. काही ठिकाणी सुतारानं नीट चार पाकळ्यांच्या फुलासारखी कोरलेली, तर काही ठिकाणी गिरमिटानं पाडलेली नुसती गोल भोकं. हे वाचलं, त्या रात्री मला आमचा तट्ट्या आठवला. आणि तो डोळा. आणि दाभण.

या पडद्या बांधल्या कुणी? राजानं नाही. लोकांच्या बाजूचा भाग आणि पडदी सांभाळायची जबाबदारी गावकऱ्यांची होती, म्हणजे आपल्याकडं जशी वर्गणी काढतात तशी. इंग्लंडच्या नॉरफोक भागात लडहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या पडदीवर १४९३ हे साल आहे आणि जॉन सॅमन आणि त्याची बायको सिसिली यांनी १४ पौंड दिल्याचं तिथंच लिहिलेलं आहे. आपल्या देवळांच्या पायरीवर, फरशीवर देणगीदारांची नावं असतात, अगदी तसं. १४ पौंड म्हणजे किती मोठी रक्कम? करा हिशेब. तेव्हा एका पौंडाच्या २४० पेनी व्हायच्या आणि साध्या मजुराला दिवसाला साधारण ४ पेनी मिळायच्या. म्हणजे १४ पौंड मिळवायला मजुरानं किती दिवस राबायला हवं? उत्तर आलं ८४० दिवस. आजारपण नाही, सुट्टी नाही, सलग! आणि नवराबायकोच्या नावाखाली बाकीच्या सगळ्या वर्गणीदारांचाही उल्लेख आहे, फक्त नावं नाहीत. दोन-चार पेनी देणाऱ्यांची नावं कोरायला जागा कुठून आणणार?

लडहॅमच्या पडदीवर बारा चित्रं आहेत. त्यातली दोन मला फार आवडली. एक वॉलस्टन. हा शेतमजुरांचा संत, त्याच्या हातात गवत कापायचं लांब विळ्यासारखं हत्यार असतं. दुसरी अपोलोनिया. तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात! छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले होते, अशी कथा आहे. म्हणून दाढ दुखली, की लोक तिला साकडं घालायचे. विचार करा, गुडघ्यावर बसून भोकातून वेदीकडं बघायचं आणि गालाशेजारी अपोलोनिया. दाढ ठणकत असली तर दोन्ही कामं एका जागी!

पण पुढं वारं फिरलं.

१५४७ साली एडवर्ड नावाचा नऊ वर्षांचा मुलगा इंग्लंडचा राजा झाला. माझ्या लेकीच्या वयाचा! राज्य अर्थातच मोठी माणसं चालवत होती. त्यांचं म्हणणं होतं, की देवाची आणि संतांची चित्रं, मूर्ती पुजणं चूक आहे. देवाचं वचन वाचा, तेही आपल्या भाषेत. लोकांच्या भाषेत धर्म आणणं ही गोष्ट आपल्याला ज्ञानेश्वर माउलींमुळं चांगली ठाऊक आहे आणि ती मला मोलाची वाटते. पण तिच्याबरोबर हुकूम निघाला तो मूर्ती काढून टाकण्याचा. तुळईवरचे क्रूस उतरले. संतांचे चेहरे, विशेषतः डोळे, खरवडले गेले. खरवडणारे कुणी परके नव्हते बरं का. पुष्कळ गावांत त्याच गावच्या सुताराला मजुरी देऊन हे काम करून घेतलं. आजोबांच्या वर्गणीतून जे उभं राहिलं, ते नातवाच्या हातून उतरलं.

१५५३ साली मेरी राणी झाली आणि पुन्हा उलटा हुकूम आला. क्रूस परत लावा! लडहॅमकरांना एवढ्यात नवी मूर्ती कुठून मिळणार? त्यांनी फळ्यांवर क्रूसाचं चित्र रंगवलं आणि कमानीत बसवलं. पाच वर्षांनी मेरी वारली, एलिझाबेथ राणी आली, की पुन्हा हुकूम. चित्र झाकून त्यावर कापडावर रंगवलेलं राणीचं राजचिन्ह! पुढं कधीतरी हे सगळं उतरवून माळ्याच्या जिन्यात टाकलं आणि जिना बंद झाला. १८७९ साली तो उघडला, तेव्हा क्रूस आणि राजचिन्ह दोन्ही सापडली. आता दोन्ही पुन्हा कमानीत आहेत, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते.

१५६१ साली एलिझाबेथच्या सरकारनं आणखी एक हुकूम काढला. वरचे माळे काढा, पण खालची पडदी राहू द्या. नॉरफोकमध्ये आणि डेव्हनमध्ये आज ज्या पडद्या बघायला मिळतात, त्या या हुकमामुळंच वाचल्या.

नॉरफोकमधल्याच बिन्हॅम गावची गोष्ट तर जादूसारखी आहे. तिथं संतांच्या चित्रांवर पांढरा रंग फासला आणि त्यावर इंग्रजी बायबलातली वचनं लिहिली. साडेचारशे वर्षं उलटली. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. आणि आता त्या अक्षरांच्या मधून संतांचे चेहरे बाहेर डोकावतायत! मी त्याचा फोटो पाहिला. एका ओळीच्या मधोमध एक डोळा. कुठं बरं पाहिला होता मी असा डोळा?

असो. लेकीचा प्रश्न राहिलाच. से कॅथेड्रलच्या मोठ्या वेदीपुढं पडदी का नाही?

गोवा पोर्तुगीजांचं, आणि पोर्तुगीज पोपला मानणारे. त्यांच्याकडं मूर्ती राहिल्या. पण त्याच सुमारास तिकडंही विचार बदलला. लोकांना पूजा नीट दिसली पाहिजे, असं धर्मगुरूंना वाटू लागलं. इटलीत फ्लॉरेन्स शहरातल्या सांता मारिया नोव्हेल्ला या मोठ्या चर्चमध्ये मध्यभागी दगडी पडदी होती. ती १५६५ च्या सुमारास जॉर्जो वासारी या चित्रकारानंच काढवली. १५६८ साली रोममध्ये 'जेझू' हे चर्च बांधायला घेतलं, ते पहिल्यापासून मोकळं. एकच मोठं दालन, कुठूनही बघा, वेदी दिसते. गोव्यातली मोठी चर्चं याच काळातली. म्हणजे पडदी जायच्या काळात ती उभी राहिली. जिथं काही जपून, राखून ठेवायचं, त्या छोट्या दालनांपुढं तेवढी जाळी उरली.

सगळ्यांना मोकळं झालं असंही नाही. से कॅथेड्रलपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर सांता मोनिकाचा मठ आहे, १७ व्या शतकातला. तिथल्या जोगिणी एकदा आत गेल्या, की बाहेर येत नसत. चर्चमधली पूजासुद्धा लोकांत बसून नाही, जाळीआडूनच. आता त्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

आणि गंमत बघा, इंग्रजांनी ज्या पडद्या मोडल्या, त्या पुन्हा त्यांनाच हव्याशा वाटू लागल्या! १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीची चर्चं बांधायची टूम निघाली. मुंबईत कुलाब्याला १८५८ साली पूर्ण झालेलं अफगाण चर्च आहे. त्याच्या आतली पडदी विल्यम बटरफील्ड या इंग्रज वास्तुकारानं आखली. तेव्हा गोव्याला जमलं नाही तरी मुंबईला मामाकडं गेलात, तर तिथं नक्की जा.

हे सगळं मी एका संध्याकाळी आत्यांना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. भोकांचं सांगितलं तेव्हा हात थांबला.

"म्हंजे चोखोबाच की गं," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरला कुठं आहे? देवळात नाही. महाद्वारासमोर, बाहेर. एवढा मोठा संत, पण जातीमुळं त्यांना आत प्रवेश नव्हता. सहाशे वर्षं त्यांच्या जातीच्या माणसांना तो नव्हता. तिथं तर जाळी नव्हती, भोक पाडायलाही काही नव्हतं. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं ते दार सर्वांसाठी उघडायचं ठरलं. आत्या म्हणाल्या, त्यांच्या आजीनं ते दिवस पाहिले होते. "आजी सांगायची, म्हातारी माणसं पायरीवरच थांबली म्हनं. दार उघडं हाय, पर पायच उचलंना." मग त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं आणि फोडायला लावलं.

सुट्टी संपली. शाळा उघडली त्या दिवशी मी अर्धा तास लवकर गेले. खोलीत कुणी नव्हतं. पलीकडच्या बाजूला, दुसरीच्या वर्गात गेले, ब्लेडनं पोत्याचा तुकडा सोडवला आणि साडी सावरून गुडघ्यावर बसले. भोकाला डोळा लावला. तट्ट्या नाहीसा झाला.

काय दिसलं? माझी खुर्ची नाही, फक्त तिचे दोन पाय. पहिल्या बाकाची कड. आणि फळ्याचा खालचा डावा कोपरा. बाकी फळा दिसतच नव्हता. त्या कोपऱ्यात मी जूनपासून एक चौकट आखून ठेवली आहे, रोज पुसली न जाणारी. त्यात तेरा ते एकोणीसचे पाढे लिहिलेले असतात. म्हणजे त्या पोराला माझ्या चौथीच्या वर्गातलं जे काही दिसत होतं, ते एवढंच होतं. आणि जेवढं दिसलं, तेवढं त्यानं पाठ केलं होतं.

मी तो तुकडा परत शिवला नाही. खोलीचं काम लांबलं, तट्ट्या आणखी दोन महिने राहिला. तेवढे दिवस मी चौकट जरा मोठी केली, अक्षर ठसठशीत काढलं आणि पाढ्यांच्या खाली एक कोडं लिहायला सुरुवात केली. पलीकडून कुणी बघतंय का, ते मी वाकून पाहिलं नाही. दुसरीच्या बाईंनी एकदा तक्रार केली, की अलीकडं त्यांच्या वर्गात त्या भोकाजवळ बसण्यावरून भांडणं होतात. त्यांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पाळी लावून दिली.

आता खोल्या पुन्हा वेगळ्या झाल्यात. तट्ट्या शाळेच्या मागं लिंबाच्या झाडाला टेकून ठेवलाय. तो मुलगा यंदा तिसरीत आहे. पुढच्या जूनमध्ये तो माझ्या वर्गात येईल, म्हणून मी सध्या एकोणतीसचा पाढा पाठ करतेय.

तुमच्या
बाई